आधी झोपलेला कुत्रा, मग राणीबाग

इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राला मी बैल काढला होता. बाजाराचा दिवस, गाडी, पागोटेवाला शेतकरी, सगळं जिथल्या तिथे. निकालानंतर आमच्या सरांनी सरावाची वही उघडली आणि विचारलं, "हा बैल आहे की शिंगं लावलेला ससा?" कान शिंगांच्या वर, उभे. गाय-बैलाचा कान शिंगाच्या खाली, मागच्या अंगाला, आडवा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेच्या रस्त्यावर देवळाबाहेर गाय घेऊन चारा विकणाऱ्या बाई रोज दिसायच्या. पण मी गाय बघून काढतच नव्हतो. मी 'बैल' हा शब्द काढत होतो.

प्राणी काढताना होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात, आणि त्या थोरामोठ्यांनाही चुकलेल्या नाहीत. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला एक गेंडा गोव्यामार्गे लिस्बनला पोचला. जर्मनीत बसलेल्या ड्युरर या चित्रकाराने तो पाहिला नव्हता. एका रेखाटनावरून आणि लिहून आलेल्या वर्णनावरून त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं. चित्र अप्रतिम आहे, पण गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे जोडलेले दिसतात आणि मानेच्या मागे एक जास्तीचं छोटं शिंग आहे. युरोपात पुढे कित्येक वर्षं गेंडा म्हणजे हाच. त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी जहांगीराच्या दरबारातला चित्रकार मन्सूर समोर आणलेला झेब्रा बघून काढत होता (१६२१), आणि तो झेब्रा आजही झेब्राच दिसतो. कौशल्यात ड्युरर कमी नव्हता. मन्सूरच्या समोर जनावर उभं होतं, एवढाच फरक.

आपल्यालाही जनावर समोर लागेल. मुंबईत ते फुकट मिळतं.

साहित्य: कमीत कमी

ए-फाइव्ह आकाराची स्पायरल वही, दोन पेन्सिली (एक ४बी, एक ६बी) आणि एक साधं बॉलपेन. सरावासाठी महागडा कागद घेऊ नका, कारण महाग पानावर हात घाबरतो. दप्तरातल्या उरलेल्या कोऱ्या पानांना काळी क्लिप लावली तरी चालतं. खोडरबर घरी ठेवा. हे मी कडकपणा म्हणून सांगत नाही. तुम्ही चुकीची रेघ खोडत असता तेवढ्यात कुत्रा कूस बदलतो. चुकीच्या रेघेशेजारी बरोबर रेघ ओढा, दोन्ही राहू द्या.

रंग पुढे लागतील. ज्यांच्याकडे शाळेपासूनची कॅम्लिनची पेटी पडली आहे त्यांनी ती शोधून ठेवा. जाता जाता एक गंमत: १९३१ मध्ये गिरगावात सुरू झालेल्या दांडेकरांच्या या कंपनीची सुरुवातीची शाई 'घोडा' छाप होती, उंट नंतर आला. म्हणजे आपल्या पिढ्यांनी चित्र काढण्याआधी हातात धरलेली पहिली चित्रं जनावरांचीच.

पहिले पंधरा दिवस: जो हलत नाही तो

नवशिके थेट राणीबागेत वाघ काढायला जातात आणि दोन तासांत वैतागून भेळ खाऊन परत येतात. तसं करू नका. दुपारी बारा ते चारच्या मध्ये मुंबईचा रस्त्यावरचा कुत्रा जगातलं सर्वोत्तम मॉडेल असतो. रिक्षा स्टँडच्या सावलीत, बंद दुकानाच्या पायरीवर, स्टेशनच्या पुलाखाली तो असा पसरलेला असतो की अंगावरून लोकल गेली तरी उठणार नाही. पाच-सहा हातांवर बसा. अगदी समोर बसून टक लावून बघू नका, कुत्र्यांना ते धमकीसारखं वाटतं. थोडं तिरकं बसा. पिल्लांची आई असेल तर ते मॉडेल सोडून द्या.

आता काढायचं कसं?

बाह्यरेषेने सुरुवात करायची नाही. कानापासून निघून शेपटीपर्यंत कडेकडेने गेलात की शेवटी पाय कागदाबाहेर जातात, हा सगळ्यांचा अनुभव. पहिली रेघ पाठीच्या कण्याची: डोक्याच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंत एक सलग वळण. गुंडाळून झोपलेल्या कुत्र्यात ती रेघ जवळजवळ 'ट'सारखी वळते, आडव्या पसरलेल्यात लांब सुस्त कमान होते. ही रेघ साधली की अर्धं काम झालं. नाही साधली तर पुढचं सगळं नक्षीकाम वाया.

त्या रेघेवर तीन बटाटे ठेवा. एक डोक्याचा, लहान. दुसरा बरगड्यांच्या पिंजऱ्याचा, सगळ्यात मोठा. तिसरा पुठ्ठ्याचा (कमरेमागच्या भागाचा), मध्यम. (चित्रकलेच्या पुस्तकांत 'अंडाकृती' लिहितात. मला बटाटाच बरा वाटतो, कारण कुठलंही जनावर अंड्याइतकं सुबक नसतं.) आपण छातीचा बटाटा नेहमी लहान काढतो. प्रत्यक्षात कुत्र्याच्या धडाचा निम्म्याहून मोठा भाग बरगड्यांचाच असतो, आणि मग पोटाला खोल खाच येते. मुंबईच्या सडपातळ गावठी कुत्र्यात ही खाच इतकी स्पष्ट दिसते की कुठल्याही लठ्ठ पाळीव लॅब्रेडॉरपेक्षा तो शिकायला चांगला.

घड्याळ लावा. तीस सेकंदांची दहा चित्रं: फक्त कणा आणि तीन बटाटे. मग दोन मिनिटांची पाच, त्यांत पाय कुठे दुमडले ते. मग दहा मिनिटांचं एक. हा क्रम रोज. पहिल्या आठवड्यात वही बटाट्याच्या पोत्यासारखी दिसेल, तशीच दिसू द्या.

गुडघा कुठे आहे?

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गाडी इथेच घसरते.

कुत्र्याच्या मागच्या पायाला मागे वळलेला जो कोपरा दिसतो त्याला आपण गुडघा समजतो आणि म्हणतो, जनावरांचे गुडघे उलटे असतात. ते उलटे नसतात. तो कोपरा म्हणजे टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ, कातडीत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. कुत्रा-मांजर बोटांवर चालतात, टाच कायम अधांतरी. गाय, म्हैस, बकरी दोन बोटांच्या नखांवर. घोडा तर एकाच, मधल्या बोटाच्या नखावर: ते नख म्हणजे खूर. फ्लेमिंगोच्या काडीसारख्या पायाच्या मधोमध जो 'उलटा गुडघा' दिसतो तोही घोटाच.

हे वाचून कळत नाही, करून कळतं. घरी दार लावा, चवड्यांवर उभे राहा, गुडघे वाकवा, पुढे वाकून हातांची बोटं जमिनीला लावा. टाच हवेत, गुडघा पोटाजवळ, मनगट वर उचललेलं. आता तुम्ही जवळजवळ कुत्रा आहात. पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो ते मनगट आहे, आणि कोपर छातीला चिकटून आहे, हेही याच अवस्थेत लक्षात येतं. फार वेळ राहू नका, पाठ धरते.

दुसरी एक गोष्ट: आपल्या गळ्याखाली आडवं लागणारं हाड कुत्र्या-मांजरांत जवळजवळ नाहीच, आणि गाय-घोड्यात अजिबात नाही. त्यामुळे पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेला नसतो, तो फक्त स्नायूंच्या पट्ट्यांत टांगलेला असतो. मटणवाल्याकडे ज्याला 'फरा' म्हणतात ते खांद्याचं चपटं हाड मोकळेपणाने वर-खाली सरकतं. मासळी बाजारात टोपलीकडे दबक्या पावलांनी निघालेलं मांजर मागून पाहा: एकेक फरा आळीपाळीने पाठीच्या वर येतो. मांजराची 'चाल' पकडायची असेल तर पाय सोडा, ते दोन उंचवटे पकडा.

उभं आणि रवंथ करणारं

पंधरा दिवसांनी उभ्या जनावराकडे वळा. देवळाबाहेरची गाय इथे सोन्यासारखी आहे. बांधलेली, सवयीची, तासभर जागची न हलणारी. शेजारच्या बाईंकडून चाऱ्याची पेंढी घ्या, विचारा "मावशी, चित्र काढू का गाईचं?" आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही. उलट वर्दळ वाढते म्हणून बऱ्याच खूश होतात.

गाईत बघायच्या जागा: शिंगाखालचा आडवा कान. गळ्याखाली लोंबणारी पोळी. पाठीची रेघ सरळ नसते, वशिंडानंतर ती उतरते आणि कमरेच्या हाडांपाशी पुन्हा चढते. ती दोन हाडं मागून तंबूच्या खुंट्यांसारखी दिसतात. त्यांच्यात कातडी ताणलेली असते, त्यामुळे तिथे सावलीची कड एकदम तीक्ष्ण पडते. बाकी अंगावर ती मऊ असते. ही तीक्ष्ण-मऊ कड ओळखू आली की केसांचं चित्र काढायची घाई आपोआप कमी होते.

गाय उठायला लागली तर वही मिटू नका. ती आधी मागून उठते, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर (म्हणजे मनगटांवर!) टेकलेली राहते, मग पुढून. घोडा याच्या उलट, आधी पुढून. दोन सेकंदांचा खेळ आहे, पण एकदा पाहिलात की आयुष्यात विसरणार नाही.

चालणारं जनावर: एका पानावर सहा

चालणाऱ्याला गाठायची युक्ती साधी आहे: त्याच्या मागे धावू नका. प्राणी त्याच त्याच पवित्र्यात परत येतो. पानाचे सहा भाग करा. पहिल्या भागात काढायला घ्या. जनावर वळलं की तो भाग अर्धा सोडून दुसऱ्यात नवं. पुन्हा पहिला पवित्रा आला की पहिल्या भागात परत. अर्ध्या तासात सहांपैकी दोन पुरी होतात, चार अर्धवट. त्या चारांचा पश्चात्ताप नको.

चालण्याचा क्रम पाठ करा: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. मागचं पाऊल पुढच्याच्या ठशाजवळ पडतं. दुडकी चाल लागली की पाय तिरप्या जोडीने उचलले जातात. धावण्याबद्दल मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने अमेरिकेत ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले, तोपर्यंत चित्रकार चारही पाय पुढेमागे ताणलेला, उडता घोडा रंगवत होते. फ्रेंच चित्रकार जेरिकोचं १८२१चं शर्यतीचं प्रसिद्ध चित्रही तसंच आहे. फोटोत दिसलं की चारही पाय हवेत असतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात.

म्हणून धावणारं जनावर मोबाइलवर व्हिडिओत घ्या आणि थांबवून बघा. स्थिर फोटो काढणार असाल तर एक सूचना: जवळ जाऊन काढू नका. जवळून नाक मोठं आणि कान बारीक येतात, आणि मग चित्रातही तेच उतरतं. चार-पाच पावलं मागे सरका, झूम करा, फोन जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. फ्लॅश बंद.

आता भायखळा आणि फोर्ट

राणीबाग बुधवारी बंद असते, हे माझ्यासारखं गेटवर जाऊन शोधून काढू नका. आठवड्यातल्या सकाळी उघडल्या उघडल्या जा. रविवारी वही उघडायलाही जागा नसते. पेंग्विन आणि वाघ यांच्या काचेसमोर गर्दी सरकत ठेवतात, तिथे चित्र होत नाही. हरणं, पाणघोडा आणि पक्षी यांच्यासमोर बसा. पाणघोडा तासन्‌तास फक्त पाठ, डोळे आणि कान पाण्यावर ठेवून राहतो: तीन वस्तूंतून पाण्याखालचं एवढं धूड कसं सुचवायचं, हा छान अभ्यास आहे.

त्याच आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर न हलणारी दोन जनावरं आहेत. एक घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलताना तुटला आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला गेला. दुसरा 'काळा घोडा'. फोर्टातल्या त्या भागाला ज्याच्यामुळे नाव पडलं तो, पाठीवर राजपुत्र एडवर्ड घेऊन. १९६५ मध्ये तो तिथून हलवला. काळा घोडा चौकात आता २०१७ चा, स्वाराशिवायचा, नवा घोडा आहे. भायखळ्याच्या घोड्याभोवती फिरून आठ बाजूंनी आठ चित्रं काढा. जिवंत घोडा तुम्हाला समोरून छोटा झालेला धडाचा आकार एवढा वेळ दाखवणार नाही.

हाडांसाठी आणि पक्ष्यांसाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला निसर्गविभाग. तिथले पेंढा भरलेले प्राणी निवांत मोजता येतात: डोकं धडात किती वेळा बसतं, पेन्सिल समोर धरून मोजा आणि पानाच्या कोपऱ्यात लिहा. एक सावधगिरी बाळगा. पेंढा भरणाराही माणूसच, त्याने ओठ आणि डोळ्यांभोवतीचा भाग अंदाजाने केलेला असतो. प्रमाणं तिथून घ्या, चेहरा जिवंत जनावरावरून.

आणि घरी परतताना सीएसएमटीच्या फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ बघा. आयाळीचा एकेक केस कोरलेला नाही, मोठ्या बटा केल्या आहेत, आणि रस्त्याच्या पलीकडूनही आयाळ आयाळच वाटते. केसांचा सगळा धडा त्यात आहे: आधी बटांचे गठ्ठे, मग त्यांची दिशा, आणि सुटा केस फक्त जिथे अंग वळतं त्या कडेवर. सगळीकडे केस काढलेलं मांजर पायपुसण्यासारखं दिसतं.

डोळे

माणसाचा डोळा जनावराला लावू नका, एवढं पाळलंत तरी पुष्कळ. पांढरा भाग सहसा दिसतच नाही. उजेडात मांजराची बाहुली उभी चीर होते, बकरीची आडवी, जवळजवळ चौकोनी, गाईम्हशीची आडवी लांबट, कुत्र्याची गोल. बकरीचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरून दोन्ही पूर्ण दिसत नाहीत. मांजराचे पुढे. चमक एकच ठेवा, आणि ती जिथून उजेड येतो तिथेच.

रंग: काळं जनावर

शेजारच्या काकूंचं काळं मांजर मी काळ्या पोस्टर कलरने रंगवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, आमच्या काळूच्या जागी भोक पाडलंस की!" खरं होतं. काळा रंग डबीतून थेट लावला की कागदाला भोकच पडतं.

काळं शिकायला म्हैस घ्या. गोरेगावला आरेच्या बाजूला तबेले आहेत. परवानगी घेऊन आत जा, चप्पल नको, बूट घाला. बसून रवंथ करणारी म्हैस निवडा. जलरंग, जरा जाड कागद (३०० जीएसएम वजनाचा असला तर आधी ओला करून ताणायची गरज पडत नाही), एक जाड गोल ब्रश, एक बारीक.

पेन्सिलीने फक्त कणा, बटाटे आणि शिंगाचं वळण. मग ठरवा कुठे कागद पांढरा सोडायचा: ओल्या नाकावरची चमक, शिंगाची वरची कड, पाठीवर उजेडाची एक तुटक पट्टी. एवढंच. या जागा मनात पक्क्या झाल्याशिवाय ब्रश ओला करू नका.

पहिला थर खूप पाणी घालून. वरच्या बाजूला फिकट निळा, कारण म्हशीच्या पाठीवर आकाश पडतं. पोटाच्या बाजूला ओल्यातच बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), कारण खालून जमिनीचा उबदार उजेड येतो. मध्ये दोन्ही आपोआप मिसळू द्या. हा थर बघून म्हैस वाटणार नाही.

तो वाळल्यावर दुसरा थर: अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना मिसळून होणारा काळसर. डबीतला काळा नाही. उजेडाकडे निळा जास्त, सावलीकडे सिएना जास्त. मोठ्या ब्रशने, बरगड्यांच्या गोलाईवरून उतरत, केसांचा विचार न करता. पहिल्या थराचा निळा पाठीवर जागोजागी उघडा राहू द्या. घट्ट काळा फक्त तिसऱ्या थरात आणि चारच जागी: कानाच्या आत, शिंगाच्या बुडाशी, मागच्या मांडीच्या घडीत, आणि पोट जमिनीला टेकतं त्या रेघेवर. ही शेवटची रेघ नसेल तर म्हैस हवेत तरंगते.

पावसाळ्यात एक अडचण: मुंबईत जुलैमध्ये थर वाळतच नाही. तबेल्यात फक्त पहिला थर लावा, पान पुठ्ठ्याला क्लिप करून घरी आणा आणि दुसरा पंख्याखाली. केस वाळवायचं यंत्र वापरलंत तर लांबून, नाहीतर रंग एका बाजूला पळतो.

कान मात्र शेवटी काढा. बसलेल्या म्हशीत तोच सतत हलतो, आणि आधी काढला की तुम्ही उरलेला वेळ त्याच्यामागे धावता. माझ्या एका चित्रात म्हशीला तीन कान आहेत. घरी येऊन तिसरा धुवून काढणार होतो, पण त्याआधी तबेल्यातल्या पोराने पान हातात घेतलं, त्या जास्तीच्या कानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ये वाला मक्खी बैठी थी तब का है ना?"